ऱ्होड्सचा किल्ला प्रथमच पाहणाऱ्यांसाठी

तुम्ही ग्रीसमधील ऱ्होड्स बेटावर प्रथमच जात आहात, म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की, किल्ल्यातील संघप्रमुखाच्या महालाकडे धाव घेण्याआधी तटाभोवतीच्या कोरड्या खंदकात उतरावे. सुमारे 4 किलोमीटर लांबीच्या या तटबंदीची खरी ताकद खालून वर पाहतानाच कळते. 1480 च्या वेढ्यात ऑटोमन तोफांचा मारा सोसल्यावर तेव्हा बेटावर सत्ता असलेल्या हॉस्पिटलर या ख्रिस्ती लष्करी धर्मसंघाच्या सरदारांनी तट अधिक रुंद केले आणि बुरूज नव्या तोफांना तोंड देतील असे बांधले. तटाचा एकेक भाग सरदारांच्या एकेका भाषिक गटाकडे सोपवलेला असे. भिंतीत बसवलेल्या संगमरवरी राजचिन्हांकडे लक्ष ठेवावे, कारण कोणत्या संघप्रमुखाच्या काळात कोणते काम झाले हे त्यांवरून उलगडत जाते. खंदकात पडलेले दगडी तोफगोळेही जवळून पाहावेत. एवढा बंदोबस्त असूनही 1522 मध्ये ऑटोमन सुलतान सुलेमानच्या सुमारे सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला पडला.

महालासाठी तासभर पुरे. मूळ इमारत 1856 च्या दारूगोळ्याच्या स्फोटात उद्ध्वस्त झाली होती. आजची वास्तू विसाव्या शतकातील इटालियन पुनर्बांधणी आहे आणि तिथल्या फरशीवरची काही मोझेक चित्रे कोस बेटावरून आणलेली आहेत, हे ध्यानात ठेवून ती पाहावी.

उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे, पाणी जवळ बाळगावे आणि दगडगोटे बसवलेल्या गल्ल्यांसाठी जाड तळाचे बूट घालावेत. तटावरून चालण्याची वेळ मर्यादित असू शकते, तेव्हा तिची चौकशी आदल्या दिवशीच करावी.