'गावरानी'तलं रान कोणतं?

नागपूरहून आलेला प्रश्न असा: "गावरानी कोंबडी ही एक जात आहे का? आणि इथल्याच रानकोंबड्या माणसाळवून ती झाली, म्हणून तिच्या नावात 'रान' आलं का?"

आधी शब्द पाहू. 'रान' हा 'अरण्य'वरून, प्राकृतातल्या 'रण्ण'मार्गे आलेला, पण मराठीत तो जंगलापुरता राहिला नाही. सातारा-सोलापूरकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. विदर्भात शेताला 'वावर' हा शब्द पक्का असल्यामुळे 'रान' म्हटलं की जंगलच डोळ्यांपुढे येतं, आणि असा प्रश्न पडतो. गावरानी बोर, गावरानी तूप, गावरानी लसूण हे प्रयोग शेजारी ठेवले की उलगडा होतो. गावच्या शिवारातलं, बाहेरून आणून रुजवलेलं नाही, एवढाच त्यांचा अर्थ.

म्हणून गावरानी ही जात नाही. अंगणात, उकिरड्यावर चरून वाढणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांत मिसळलेल्या कोंबड्यांचं ते सरसकट नाव. जात म्हणावी ती असील किंवा कडकनाथ, कारण त्यांची पिल्लं आईबापांचं रूप घेऊनच निघतात. ('असील' मूळचा अरबी, अर्थ शुद्ध कुळाचा, आपला 'अस्सल' त्याचाच भाऊबंद. कोंबडबाजारात झुंजीला उतरवतात तो उंच मानेचा, आखूड तुऱ्याचा कोंबडा बहुधा याच रक्ताचा.)

रानकोंबडी मात्र स्वतंत्र वन्य पक्षी आहे. जगात तिच्या चारच प्रजाती: तांबडी, करडी, श्रीलंकेची आणि जावाकडची हिरवी. ताडोबा-मेळघाटात दिसते ती करडी. तांबडी हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व भारतापर्यंत, आणि मध्य भारतात दोघींच्या हद्दी भिडतात. घरची कोंबडी निघाली तांबडीपासून, पण इथल्या तांबडीपासून नाही. २०२० साली आठशेंहून अधिक पक्ष्यांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा सगळ्यात जवळची ठरली ती दक्षिण-पश्चिम चीन, म्यानमार आणि उत्तर थायलंडच्या पट्ट्यातली 'स्पॅडिसियस' ही उपप्रजाती. कोंबडी प्रथम सिंधू खोऱ्यात पाळली, असं पूर्वी मानत. आता घरच्या कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली धरतात, काळ इ.स.पू. सुमारे १६५० ते १२५०. भात आणि भरडधान्याची शेती वाढली, सांडलेल्या दाण्यांना पाखरं जवळ आली, असा त्यामागचा तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

तरीही आपल्याकडच्या रानाचा एक धागा घरच्या कोंबडीत आहेच, आणि तो पायांवर दिसतो. तांबड्या रानकोंबडीचे पाय राखी असतात. मग कोंबडीचे पाय पिवळे कुठून आले? मका आणि हिरव्या पाल्यातलं पिवळं द्रव्य फोडणारं एक जनुक असतं. त्याचं काम कातडीत मंदावलं की पिवळेपणा साठून राहतो. हे मंद जनुक करड्या रानकोंबडीकडून आलं, हे २००८ साली दिसून आलं. ते आई आणि बाप दोघांकडून मिळावं लागतं. एकाकडूनच मिळालं तर कातडी पांढरीच. दोन्हीकडून मिळूनही खाण्यात मका किंवा हिरवा पाला नसेल तर पाय फिकेच राहतात. म्हणून पिवळे पाय ही गावरानीची खूण मानू नका, ब्रॉयलरचेही पिवळे असतात.

प्रश्नातल्या 'माणसाळवणे' या शब्दाबद्दलही सांगायला हवं. माणसाळतो तो एकटा जीव, पाळीव होतो तो वंश. रानकोंबडीचं अंडं घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवलं तर २१ दिवसांच्या आसपास पिल्लू निघेल, हातचे दाणेही खाईल, पण राहील रानकोंबडीच. (शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अशी अंडी उचलणं गुन्हा आहे.) वंशातला फरक अंगावर वाचता येतो. विणीचा हंगाम संपला की तांबड्या रानकोंबड्याच्या मानेवरची लांब सोनेरी पिसं झडतात, तिथे आखूड काळपट पिसं येतात आणि तुरा आकसतो. घरचा कोंबडा असं रूप पालटत नाही. रानातली मादी जवळजवळ बिनतुऱ्याची आणि फक्त हंगामात अंडी देणारी. अंड्यांसाठी पाळली जाणारी लेगहॉर्न ही जात वर्षाला तीनशे अंड्यांच्या घरात जाते, कारण खुडूक बसणंच तिच्यातून निवडून काढून टाकलेलं आहे. गावरानी या दोघींच्या मधली: अंडी बेताची, पण खुडूक बसते आणि पिल्लं स्वतः फिरवते.

'वनराजा' या नावानेही गोंधळ होतो. त्याचा वनाशी संबंध नाही. परसातल्या पालनासाठी हैदराबादच्या संशोधन संस्थेत तयार झालेला तो सुधारित वाण. असे रंगीत पक्षी सर्रास गावरानी म्हणून विकले जातात. घेताना सगळा कळप पाहा. एकाच वजनाचे, एकाच वयाचे, जाड नळ्यांचे पक्षी असतील तर शंका घ्या. नराच्या पायाची आर, म्हणजे नळीच्या मागचा टोकदार काटा, चाचपून पाहा. दोन-अडीच महिन्यांत वजनाला आलेल्या रंगीत नराला तिथे नुसती गाठ लागते. सावकाश, पाच-सहा महिन्यांनी तयार होणाऱ्या गावरानी कोंबड्याला आर फुटू लागलेली असते.

लिहिताना वन्य पक्ष्यासाठी 'प्रजाती', असील-कडकनाथसाठी 'जात', वनराजा-गिरिराजासाठी 'सुधारित वाण' असे शब्द वापरा, आणि 'गावरानी' हे विशेषणच राहू द्या.