बिटकॉइन घेतोयस? आधी वॉलेटचं बघ

भावाचं नंतर बोलू. वॉलेट म्हणजे नाणी सांभाळणारा प्रोग्राम. तुझी नाणी म्हणजे त्याच्या फाइलमधल्या खासगी किल्ल्या, म्हणजे नाणी खर्च करू देणारे गुप्त आकडे. फाइल गेली की नाणी गेली, दाद मागायला बँक नाही. आणि वॉलेट जुनं असेल तर एकदा बॅकअप घेतला म्हणून निवांत बसू नकोस. 50 नाण्यांतली 2 पाठवलीस तर उरलेली 48 बहुतेक वेळा तुझ्याच वॉलेटमधल्या नव्या पत्त्यावर (पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखंच) परत येतात, आणि त्याची किल्लीही नवी असते. 2016 आधीचा बिटकॉइनचा मूळ प्रोग्राम शंभरेक किल्ल्या आगाऊ करून ठेवायचा. त्या संपल्या की पुढच्या किल्ल्या जुन्या बॅकअपमध्ये नसायच्या. नवखे हमखास इथेच फसायचे. तसं जुनं वॉलेट असेल तर अधूनमधून ताजा बॅकअप घे, पासवर्ड लावून, पेनड्राइव्हवर.

जगातली एकूण बिटकॉइन नाणी 2 कोटी 10 लाखांवर जाणारच नाहीत, म्हणून भाव चढतच राहणार, असं छातीठोक सांगणारे भेटतील. 2011च्या जूनमध्ये भाव 30 डॉलरच्या आसपास होता, नोव्हेंबरात दोन-तीनवर आला. मर्यादा तेव्हाही तीच होती! बुडाले तरी झोप लागेल एवढेच पैसे घाल.

एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी विकत घेतोस त्या साइटवर, ती पडून ठेवू नकोस. आधी अगदी थोडी स्वतःच्या वॉलेटवर पाठव, सहा कन्फर्मेशन (नेटवर्कने व्यवहार पक्का केल्याच्या खुणा) येईपर्यंत साधारण तासभर थांब, मग बाकीची काढ.