रिओहाच्या बाटलीतला गाळ

प्रश्न : भावाने स्पेनहून तिथल्या रिओहा भागातली ‘ग्रान रेसेर्वा’ रेड वाइन आणली आहे. तळाशी गाळ दिसतो. खराब झाली का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही, गाळ दिसणं साहजिक आहे. ग्रान रेसेर्वा म्हणजे रिओहाचा सर्वांत जास्त मुरवलेला प्रकार, तो किमान 5 वर्षं मुरतो. त्यातली निदान 2 वर्षं 225 लिटरच्या ओक पिंपात, 2 बाटलीत. क्रियान्सा या कमी मुरवलेल्या प्रकाराला एकूण 2 वर्षं पुरतात. 5 वर्षांत रंगद्रव्यं आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारी द्रव्यं) एकमेकांना चिकटून खाली बसतात. व्हॅनिला-खोबऱ्याचा वास आला तर तो अमेरिकन ओकचा. रिओहाची ती जुनी ओळख.

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा. जुनं बूच ठिसूळ असतं, स्क्रू सरळ आणि हळू फिरवा. मानेमागे टॉर्च धरून एका संथ धारेत जगमध्ये ओता. गाळाची काळपट रेघ मानेशी आली की हात थांबवा. तासन्‌तास आधी मात्र ओतू नका, नाजूक वास उडून जातो.

खरी भीती आपल्या एप्रिल-मेची. तापलेल्या कपाटात वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं, हवा शिरते आणि चव शिजवलेल्या फळासारखी होते. उघडेपर्यंत बाटली फ्रिजमध्येच असू द्या, आधी आडवी आणि आदल्या दिवशी उभी. पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. 17 अंशांच्या आसपास ती छान खुलते.