अमेरिकेत कार्डाचं पूर्ण बिल वेळेवर भरूनही क्रेडिट स्कोअर का वाढत नाही?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: अमेरिकेत येऊन वर्ष झालं, हजार डॉलर लिमिटचं एकच कार्ड, महिन्याला साडेआठशेच्या आसपास खर्च, सगळे पैसे ड्यू डेटच्या आत भरता, तरी स्कोअर हलत नाही. आणि दोन महिन्यांत गाडीचं कर्ज काढायचंय.

गोम तारखेत आहे. बहुतेक बँका स्टेटमेंट बंद होतं त्या दिवशीची बाकी इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना (क्रेडिट ब्युरो) कळवतात. बिल पाठवल्यापासून ड्यू डेटपर्यंत किमान 21 दिवस द्यावेच लागतात, तसा 2009चा कायदाच आहे. त्यामुळे तुम्ही पैसे भरता तोवर ‘हजारातले 850 वापरले’ ही नोंद होऊन गेलेली असते. फायको (इथला सर्वात प्रचलित क्रेडिट स्कोअर) मध्ये देणे असलेल्या रकमेशी संबंधित गोष्टींचं वजन साधारण 30 टक्के, आणि 85 टक्के वापर म्हणजे माणूस पैशाच्या ओढाताणीत आहे असा त्याचा हिशेब. (भारतातलं सिबिल कितीही झकास असो, ते इथे आपोआप दिसत नाही, म्हणून सुरुवातीची लिमिट ही अशी तुटपुंजी.)

तेव्हा क्लोजिंग डेट, म्हणजे स्टेटमेंट बंद होण्याची तारीख, मागच्या स्टेटमेंटवर बघा आणि तिच्या तीन-चार दिवस आधीच 800 भरून टाका. पैसे खात्यावर जमा दिसायला वेळ लागतो. स्टेटमेंट 50 डॉलरचं येईल, वापर 5 टक्के दिसेल. ते 50 मात्र ड्यू डेटच्या आत भरायचेच. इथेच लोक फसतात. आधी भरलेले 800 मागच्या बिलाच्या सायकलमध्ये धरले जातात, आणि ‘या महिन्यात भरलेत की’ म्हणून नवं बिल राहून जातं. वापराचा आकडा पुढच्या महिन्यात सुधारतो, पण 30 दिवस उशिरा भरल्याची नोंद 7 वर्षं रिपोर्टवर राहते. म्हणून पूर्ण स्टेटमेंट बॅलन्सवर ऑटोपे लावून ठेवाच.

शून्य बाकी दाखवायच्या मागे लागू नका. सगळ्याच कार्डांवर शून्य दिसलं तर स्कोअर उलट थोडा उतरू शकतो. आणि ‘30 टक्क्यांच्या आत’ हा नियम सगळीकडे ऐकाल, पण तिथे काही लक्ष्मणरेषा नाही. आकडा जितका खाली तितका बरा, इतकंच.

खरं सांगू का, हा खटाटोप दर महिन्याला करायची गरज नाही. सर्रास वापरात असलेले फायको स्कोअर फक्त आत्ताची बाकी बघतात, मागच्या महिन्याची नाही. फायको 10टी आणि व्हँटेजस्कोअर 4.0 (फायकोचा प्रतिस्पर्धी स्कोअर) मागचा कल बघतात, तेवढा अपवाद. कर्जाचा अर्ज करण्याआधीच्या एक-दोन सायकल सांभाळल्या की पुरे. एरवी लिमिट वाढवून मागा, फक्त त्यासाठी हार्ड इन्क्वायरी (रिपोर्टवर नोंदली जाणारी, स्कोअर थोडा उतरवू शकणारी चौकशी) होणार का ते आधी विचारून घ्या. गाडीचं कर्ज देणारे बऱ्याचदा 250 ते 900 पट्टीचा फायको ऑटो स्कोअर बघतात, त्यामुळे तुमच्या अ‍ॅपमधला आकडा आणि डीलर सांगेल तो जुळला नाही तर गोंधळू नका.

आधी एकदा अ‍ॅन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवरून फुकटचा रिपोर्ट काढा. त्यात तुमच्या कार्डापुढे कुठल्या तारखेची किती बाकी आहे ते दिसेल. काही बँका क्लोजिंग डेटऐवजी महिनाअखेरची बाकी पाठवतात. तुमची त्यातली निघाली, तर ते 800 महिनाअखेरच्या आधी भरा.