‘आठ आठवडे थांबा’ म्हटल्यावर

“गाठ दिसली ना, मग ठेवून काय करायचं? काढून टाकायची अन् मोकळं व्हायचं.” अंडाशयात सिस्ट निघालेल्या बाईसोबत जी माणसं येतात, त्यांच्यातल्या एकाच्या तोंडी हे वाक्य असतंच. जिच्या पोटात ती गाठ आहे, तिचा प्रश्न बहुधा उलटा असतो: ऑपरेशन टळेल का? नागपुरात धंतोलीला स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याला लागूनच मी समुपदेशनासाठी बसते. गाठ काढायची की नाही हे मी ठरवत नाही. पण डॉक्टरांनी ‘सध्या थांबू या’ म्हटल्यावर घरोघरी काय सुरू होतं, ते माझ्या खोलीत रोज ऐकू येतं.

नेहा (नाव बदललं आहे) सत्तावीस वर्षांची, मानेवाड्याला राहणारी, बँकेत नोकरी. सोबत आई आणि आत्या. जानेवारीत एका रात्री उजव्या बाजूला ओटीपोटात दुखलं. अपेंडिक्स असेल म्हणून सोनोग्राफी झाली आणि उजव्या अंडाशयात ५.८ सेंमीची गाठ निघाली. एका डॉक्टरांनी सांगितलं, आठ आठवडे थांबा, पाळी संपल्यावर पुन्हा सोनोग्राफी करू. घरच्यांनी दुसरीकडे दाखवलं. तिथे सांगितलं, लग्न ठरलंय ना, मग आधीच काढून घ्या. लग्न मेच्या अखेरीस होतं. दोन डॉक्टर, दोन मतं, आणि घरात तीन.

आईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्यातल्या एका ओळीखाली निळ्या पेनाने दोनदा रेघ ओढलेली. ओळ होती, ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’. “हे काय लिहून राहिले मॅडम? काही वाईट आहे का?” ती ओळ जवळजवळ प्रत्येक सोनोग्राफी रिपोर्टच्या शेवटी असते. पेशंटला तपासून, तिचा त्रास बघून याचा अर्थ लावा, एवढंच डॉक्टरांना सांगितलेलं असतं. ज्या ओळींखाली रेघ हवी होती त्या वरच होत्या. गाठीत घन भाग नाही, आत रक्तप्रवाह दिसत नाही, पोटात पाणी नाही, डावं अंडाशय व्यवस्थित. आणि मग रेडिओलॉजिस्टचा अंदाज: रक्तस्राव झालेली सिस्ट असावी, डर्मॉइडची शक्यता नाकारता येत नाही.

सगळी गोम त्या शेवटच्या अंदाजात होती. पाळी सुरू असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला बीजाची एक पुटिका दोन-अडीच सेंमीपर्यंत वाढते आणि फुटते. कधी ती फुटतच नाही, पाणी धरून मोठी होते. कधी बीज बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या भागात रक्त साचतं. या दोन्ही प्रकारच्या गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. डर्मॉइड मात्र जिरत नाही. तिच्यात चरबी असते, केस असतात, क्वचित दातही. ती जन्मभर राहू शकते आणि हळूहळू वाढते. म्हणजे एकाच मापाच्या दोन गाठी, पण एकीला वेळ देणं हाच उपाय आणि दुसरी वेळ देऊनही जात नाही. नेहाची गाठ यांतली कोणती, हे पहिल्या सोनोग्राफीत पक्कं सांगता येत नव्हतं. आठ आठवड्यांनी सांगता येणार होतं. थांबणं ही इथे एक तपासणीच होती, फक्त तिला पैसे पडत नव्हते म्हणून घरच्यांना ती तपासणी वाटत नव्हती.

‘किती सेंमीला काढतात?’ हा प्रश्न मला इतका विचारला जातो की पाटी लावावी. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत पाळी सुरू असलेल्या बायकांसाठी एक ढोबळ हिशेब आहे: साध्या पाण्याच्या गाठी ५ सेंमीच्या आत असतील तर सहसा पाठपुराव्याचीही गरज नाही, ५ ते ७ सेंमीला वर्षाने सोनोग्राफी, त्याहून मोठी असेल तर एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार. पण हे फक्त साध्या पाण्याच्या गाठीला लागू. आत काय आहे हे न बघता नुसत्या सेंटिमीटरवर निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यात आणखी एक कागद होता. नेहाच्या बाबांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून सीए-१२५ ही, अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेत करतात ती रक्ततपासणी परस्पर करून घेतली होती. आकडा आला ४८, कागदावर छापलेली मर्यादा ३५. त्या दिवसापासून घरात ‘कॅन्सर’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता, पण स्वयंपाकघरात आई रडत होत्या. रक्त घेतलं तेव्हा नेहाची पाळी सुरू होती. हा आकडा पाळीतही वाढतो, एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार), गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींमध्ये, पोटाच्या टीबीतही वाढतो. तरुण वयात थोड्याशा वाढलेल्या आकड्यावरून काही ठरत नाही. हे मी डॉक्टरांकडूनच त्यांना पुन्हा समजावून घ्यायला लावलं. अशा गोष्टी समुपदेशकाने सांगितल्या तर धीर वाटतो, डॉक्टरांनी सांगितल्या तर झोप लागते.

नंतर मी नेहाशी एकटीशी बोलायचं म्हटलं. आत्याबाईंना ते रुचलं नाही, पण उठल्या. दार लागल्यावर नेहा म्हणाली, “ताई, कॅन्सर नसेल हे मला पटलंय. पण मी रोज रात्री झोपताना इथे दाबून बघते.” तिने उजव्या बाजूला बेंबीखाली तीन बोटं टेकवून दाखवलं. “कधी वाटतं मोठी झाली. कधी काहीच लागत नाही, तेव्हा वाटतं फुटली की काय.” मग मोबाइल, मग व्हिडिओ, मग दोन वाजतात. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, पण थांबताना करायचं काय, हे सांगायचं राहून गेलं होतं. ‘वाट बघा’ एवढंच कानात घेऊन घरी गेलेली मुलगी बोटांनी गाठ चाचपत बसणार नाही तर काय करणार?

म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारून एक पान लिहून काढलं. पुढची सोनोग्राफी कोणत्या आठवड्यात (पाळी संपता संपता), त्याच सेंटरला, जुना रिपोर्ट सोबत नेऊन. गाठ लहान झाली तर काय, तशीच राहिली तर काय, वाढली किंवा आत घन भाग दिसला तर काय. आणि सगळ्यात ठळक: अचानक एका बाजूला असह्य दुखलं, सोबत मळमळ किंवा उलटी झाली, तर पेनकिलर घेऊन सकाळची वाट बघायची नाही. गाठीच्या वजनाने अंडाशय देठाशी पिळलं जाऊ शकतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि ते वाचवायला हातात काही तासच असतात. रात्र असो की मध्यरात्र, मानेवाड्याहून मेडिकल (सरकारी मोठं हॉस्पिटल) जवळ आहे, सरळ कॅज्युअल्टीत जायचं, गाडी दुसऱ्याने चालवायची. चक्कर आली, खूप फिकट वाटलं, ताप चढला, तरीही तेच. पोट दाबून बघणं मात्र त्या पानावर नव्हतं. बोटांना सहा सेंमीची गाठ बहुधा लागतही नाही.

आत्याबाईंनी मध्येच एका काढ्याचं नाव काढलं. जिरणारी गाठ तेवढ्या दिवसांत तशीही जिरते आणि श्रेय काढ्याला जातं, एवढंच मी म्हटलं. गर्भनिरोधक गोळ्यांनी गाठ विरघळते हाही असाच समज आहे. आहे ती गाठ त्यांनी लवकर जात नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

खरी अडचण होती लग्नाची. आईंचं म्हणणं, “बाहेर समजलं तं लोकं काय म्हणतील? पोरीच्या पोटात गाठ आहे म्हणतील, लेकरू होणार नाही म्हणतील.” बाबांचा हुकूम, मुलाकडे अवाक्षर काढायचं नाही. मी आईंना एवढंच सांगितलं की काकू, लेकरू होण्यासाठी एक चांगलं अंडाशय पुरतं, आणि नेहाचं उजवंही वाया गेलेलं नाही. उलट गरज नसताना अंडाशयाला हात लावला तर गाठीसोबत थोडा चांगला भागही जाऊ शकतो. चॉकलेट सिस्टच्या (एंडोमेट्रिऑसिसमुळे होणारी जुन्या रक्ताची गाठ) ऑपरेशननंतर बीजांचा साठा घटतो, हे डॉक्टर नेहमी बजावतात. ‘काढून मोकळं होणं’ फुकटात पडत नाही. राहता राहिलं सांगायचं की नाही हे. तो निर्णय नेहाचा. मी तिला सांग म्हटलं नाही, लपव म्हणणाऱ्यांनाही साथ दिली नाही. तिने आठवडाभरात होणाऱ्या नवऱ्याला फोनवर सांगून टाकलं. तो म्हणाला, ऑपरेशन करायचं झालं तर तारीख आधी सांग, सुट्टी टाकतो. आईंना हे बरंच नंतर कळलं.

मार्चमध्ये दुसरी सोनोग्राफी झाली. माप ६ सेंमी. रक्ताची गाठ असती तर एव्हाना आकसली असती, निदान आतलं चित्र बदललं असतं. या वेळी चरबीचा भाग आणि केसांसारख्या रेषा स्पष्ट दिसल्या: डर्मॉइड. आत्याबाई म्हणाल्या, “मी तं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, काढा!” म्हटलं होतं खरं, पण तेव्हा ती डर्मॉइड आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. रक्ताची निघाली असती तर एका तरुण मुलीचं विनाकारण ऑपरेशन झालं असतं.

छोट्या डर्मॉइडवर नुसती नजर ठेवणंही चालतं. पण गाठ या मापाची असली की पीळ पडण्याची भीती असते, त्यात लग्नानंतर लवकर मूल हवं होतं आणि गरोदरपणात अशी गाठ पिळली तर सगळंच अवघड. नेहाने ऑपरेशन निवडलं. तारीख मात्र तिने ठरवली: बँकेचं मार्च क्लोजिंग उरकून एप्रिलचा दुसरा आठवडा, म्हणजे हळदीच्या आधी महिनाभर हातात. घाई नव्हती, म्हणून हे जमलं.

ऑपरेशनच्या आधी मी तिला एकच काम दिलं, संमतिपत्र स्वतः वाचायचं. सिस्टेक्टॉमी लिहिलंय की ऊफोरेक्टॉमी? पहिल्यात फक्त गाठ निघते, दुसऱ्यात अख्खं अंडाशय. आत गेल्यावर अंडाशय वाचवता येत नाही असं दिसलं तर काय करणार, हेही आधीच विचारायचं. दुर्बिणीतून करताना गाठ पिशवीत धरून बाहेर काढणार का, म्हणजे आतली चरबी पोटात सांडणार नाही, हा प्रश्न तिने आपणहून विचारला. त्या रात्रींच्या व्हिडिओंचा तेवढा उपयोग झाला. पोटावर एक-एक सेंमीच्या आतबाहेरचे तीन टाके. आईंना त्या टाक्यांचीच सगळ्यात जास्त काळजी होती.

बायोप्सीचा रिपोर्ट निर्धोक आला. अंडाशय शाबूत आहे. डर्मॉइड कधी दुसऱ्या बाजूलाही होते, म्हणून वर्षाने एक सोनोग्राफी सांगितली आहे.

पत्रिका द्यायला तिघी आल्या तेव्हा आत्याबाई मागे रेंगाळल्या. पिशवीतून त्यांनी स्वतःची फाइल काढली. वय छप्पन्न, पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, आणि डाव्या अंडाशयात ४ सेंमीची पाण्याची गाठ. तारीख दिवाळीच्या आधीची. “मला काही त्रास नाही जी, म्हणून कोणाला सांगितलं नाही.” पाळी गेल्यावर हिशेब बदलतो. तिथे सीए-१२५ ला खरा अर्थ असतो. गाठ एकाच बाजूला, साधी, ५ सेंमीच्या आत आणि आकडा नॉर्मल असेल तर चार-सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत वर्षभर बघता येतं. यांची ना रक्ततपासणी झाली होती, ना दुसरी सोनोग्राफी. डॉक्टर अजून दवाखान्यातच होत्या. मी आत्याबाईंना फाइल हातात घ्यायला लावली आणि पलीकडच्या रांगेत नंबर लावून दिला.