चौरस फुटाच्या दराला हजाराने गुणलं म्हणजे बजेट झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तळमजल्याचं हजार चौरस फुटांचं घर बांधायचंय, ठेकेदाराने मटेरियलसह चौरस फुटाचा एकच दर सांगितलाय, पुढेमागे वर एक मजला चढवायचाय. त्या दराला हजाराने गुणून वर किती टक्के जास्तीचे धरावेत?

टक्क्यांचं नंतर बघू. आधी तो दर नेमका कशाचा आहे, ते त्याच्याकडून लिहून घ्या. क्षेत्रफळ भिंतींच्या आतून मोजणार की स्लॅबच्या बाहेरच्या कडेने? पोर्च, जिना आणि छज्जे पूर्ण धरणार की अर्धे? नुसत्या या मोजणीतच आकडा बराच इकडेतिकडे होतो. शिवाय कंपाउंडची भिंत, पाण्याची जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, जोत्यातली (जमिनीपासून फरशीपर्यंतच्या उंचवट्यातली) भरणी, वीज आणि पाण्याचं कनेक्शन, परवानग्यांची फी, आर्किटेक्ट आणि आरसीसी (लोखंड घातलेलं काँक्रीट) डिझायनरची फी, खिडक्यांच्या ग्रिल, ओट्याखालची कपाटं, दिवे-पंखे हे सगळं बहुतेक वेळा त्या दराबाहेर असतं. यातल्या बऱ्याच गोष्टींशिवाय घरात राहायलाच जाता येत नाही, म्हणून त्यांना ‘वरखर्च’ समजू नका.

दुसऱ्याच्या घराच्या दराशी तुलनाही करू नका. सहाशे फुटांच्या घरातही स्वयंपाकघर एक आणि बाथरूम दोन, आणि हजार फुटांच्या घरातही तेवढीच. सगळ्यात महाग जागा त्याच असल्यामुळे लहान घराचा फुटामागचा दर सहसा जास्त पडतो.

खरं बजेट नकाशावरून मापं काढूनच होतं. त्यासाठी नकाशा, आरसीसी ड्रॉइंग, विजेचे पॉइंट आणि नळ-ड्रेनेजच्या लाइन हे सगळं खोदाईच्या आधी कागदावर पक्कं हवं. लिंटेल (दार-खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी) झाल्यावर खिडकी फूटभर सरकवली, तर तोडफोड, राडारोडा उचलणं, नवं लिंटेल, पुन्हा वीटकाम आणि पुन्हा गिलावा एवढे खर्च एकाच बदलामागे लागतात. बजेट फुटण्याचं सर्वांत मोठं कारण मला हेच वाटतं. सिमेंटची दरवाढ त्यामानाने किरकोळ असते.

जोत्याखालचं काम कुणी नीट मोजत नाही, म्हणून त्याचा हिशेब इथे मांडतो. जोतं जमिनीपासून 3 फूट उंच धरा. वरचा कोबा आणि फरशीचा थर मिळून अर्धा फूट गेला, तर भरणी अडीच फूट उरते. भिंती वजा जाता आतलं क्षेत्र 900 चौरस फूट धरलं तर 2250 घनफूट, म्हणजे साडेबावीस ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) भरणी लागेल. पण हे माप दाबून बसलेल्या भरणीचं आहे. गाडीतून येणारा मुरूम सैल असतो, पाणी मारून थरावर थर ठोकला की तो बसतो. म्हणून मागवताना 27-28 ब्रास धरा. खोदाईतली माती चांगली असेल तर त्यातली काही वापरता येईल. काळी चिकण माती मात्र आत टाकू नका, ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, मग फरशी तडकते. थर 6 ते 9 इंचांचेच घ्या. एकदम अडीच फूट ओतून वरून पाणी सोडलं, तर वर्षभरात फरशी कोपऱ्यात खचते आणि तो खर्च दुसऱ्यांदा होतो.

फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, किती खोल जाणार हे माती पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. माती परीक्षण आधी करून घ्या. पायाच्या खर्चात जी वाढ होऊ शकते, तिच्यापुढे त्याची फी अगदी थोडी असते.

स्लॅबचा हिशेब तुम्ही स्वतः पडताळू शकता. हजार चौरस फूट, 5 इंच जाडी म्हणजे सुमारे 417 घनफूट, अर्थात 11.8 घनमीटर. एम 20 प्रतीचं काँक्रीट 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात केलं, तर घनमीटरला 50 किलोच्या साधारण 8 गोण्या लागतात, म्हणजे स्लॅबलाच 94-95 गोण्या, बीम वेगळे. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि टेकू) खाली बसून जाडी 6 इंच झाली, तर काँक्रीट वीस टक्के जास्त जातं आणि बीम-कॉलमवर विनाकारण वजन वाढतं. म्हणून ओतण्याआधी लेव्हल तपासून घ्या. लोखंडासाठी बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठे कोणत्या व्यासाच्या, किती लांब आणि किती सळया लागतील याची यादी, मागा. सळईचं मीटरमागचं वजन काढायला व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले 162 हे सूत्र आहे: 12 मिमीची सळई 0.89 किलो, म्हणजे 12 मीटरची एक कांब सुमारे 10.7 किलो. कांबा मोजा, गुणा आणि वजनकाट्याच्या पावतीशी ताडून पाहा. ओली वाळू घनफुटावर घेताना जपा, कारण चार-पाच टक्के ओल असली तरी ती पाव हिश्श्याने फुगलेली असू शकते.

स्लॅब ओतून झाला की घर झालंच असं वाटतं, पण साधारण घरात त्या टप्प्यावर निम्मा खर्च अजून समोर असतो. गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, नळकाम, रंग यांत मटेरियलची निवड तुमच्या हातात असते आणि आकडा तिथेच सुटतो. प्रत्येक खोलीतले विजेचे पॉइंट आत्ताच मोजून लिहा. टाइल्स मापापेक्षा 7-8 टक्के जास्त, तिरप्या बसवणार असाल तर 12 ते 15 टक्के जास्त घ्या, आणि सगळ्या एकाच बॅचच्या. नंतर आणलेल्या बॅचची छटा सहसा जुळत नाही.

वरच्या मजल्याचा निर्णय मात्र आजच घ्या. फुटिंग आणि कॉलम दोन मजल्यांसाठी आत्ता डिझाइन केले तर थोडं लोखंड आणि काँक्रीट वाढतं. नंतर कॉलमला जॅकेटिंग करून (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर देऊन) ताकद वाढवणं कितीतरी पटीने महाग पडतं. जिना बाहेरून ठेवा, म्हणजे खालच्या घराची मोडतोड न करता वर जाता येईल. कॉलमच्या वर सोडलेल्या सळया कमी सिमेंटच्या काँक्रीटने झाकून टाका, नाहीतर गंजतात आणि जोडकामाच्या वेळी निरुपयोगी ठरतात. गच्चीवर महागड्या टाइल्स लावू नका, मजला चढवताना उतार आणि पॅरापेट फोडावेच लागणार आहेत.

आता टक्के. वर सांगितल्याप्रमाणे सगळी कामं मापाने मोजली असतील तर 10 टक्के राखीव पुरतात, आणि त्यांना स्लॅब होईपर्यंत हात लावू नका. जुन्या घराला लागून किंवा जुन्या घरावर बांधणारे इथे वाचत असतील, त्यांनी 15 ते 20 धरावेत. भिंतीत आणि जमिनीत काय लपलंय ते फोडल्यावरच कळतं. नुसत्या चौरस फुटाच्या दरावर चाललात, तर किती टक्के पुरतील हे मी सांगू शकत नाही, कारण कशावर टक्के काढायचे तेच ठरलेलं नसतं.

पैसे झालेल्या कामाच्या मापावरच द्या. स्लॅबपर्यंत सत्तर-ऐंशी टक्के रक्कम मागणारं वेळापत्रक मान्य करू नका, पुढच्या कामात ठेकेदाराला मग रस उरत नाही. कर्ज असेल तर बँक टप्पा पूर्ण झाल्यावर हप्ता सोडते, म्हणजे प्रत्येक टप्प्याचे पैसे आधी तुमच्या हातात हवेत. आणि शेवटचे 5 टक्के रोखून धरा. गच्चीवर पाणी कोंडून 48 तास ठेवा, बाथरूमच्या जाळ्या बंद करून तिथेही साठवा, खालून आणि शेजारच्या भिंतीवर ओल येते का बघा, आणि मगच ते द्या.