तयार बंगला घ्यावा की प्लॉटवर बांधावं?

प्रश्न : मी मिरजेत शिक्षिका आहे. मिस्टर औषध कंपनीत प्रतिनिधी आहेत, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असतात. घरात सासू-सासरे (सासऱ्यांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली) आणि आठवीतला मुलगा. 2016 मध्ये आम्ही मिरजेजवळ तीन गुंठे घेऊन ठेवलेत. गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला प्लॉट आहे. खरेदीखत झालंय, पण सातबाऱ्यावर आमच्यासकट अठरा नावं आहेत. ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर 1,900 रुपये चौरस फुटाने 1,350 चौरस फूट बांधून द्यायला तयार आहे, म्हणजे पंचवीस लाख पासष्ट हजारांत घर होतं. दुसरीकडे सांगलीत मारुती चौकापासून चालत पंधरा मिनिटांवर 2003 चा बंगला 62 लाखांना मिळतोय. वरच्या दोन खोल्या मालकांनी 2011 मध्ये वाढवल्यात. 2019 च्या पुरात पाणी 'अंगणापर्यंतच' आलं होतं म्हणतात. साठवलेले पंधरा लाख आहेत, बाकी कर्ज. सासूबाई म्हणतात, घर पाहावं बांधून. मिस्टर म्हणतात, डोक्याला ताप नको, तयार घ्या. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सासूबाईंची म्हण ज्याने केली त्याच्या काळी गुंठेवारी नव्हती, एवढं त्यांना माझ्याकडून सांगा. बाकी त्यांच्याशी माझं भांडण नाही. एकतीस वर्षं मी लोकांच्या घरांची आरसीसी डिझाइनं केली, तरी स्वतःचं घर बांधताना फसलेच.

आधी त्या पंचवीस लाख पासष्ट हजारांचं बघू. हा आकडा विसरा. कॉन्ट्रॅक्टर खोटं बोलतोय असं नाही, त्याने फक्त भिंतींच्या आतलं धरलंय. कंपाउंड, गेट, बोअर, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक (तिथे ड्रेनेज आलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही), मीटर, परवान्याची फी, ओट्याखालचे कप्पे, कपाटं यातलं त्याच्या कागदावर काय आहे ते एकेक विचारा. आणि सगळ्यात आधी विचारा, पाया किती खोल धरलाय? माझ्या अंदाजाने हातात किल्ली येईपर्यंत 36 ते 38 लाख लागतील.

पाया मी मुद्दाम काढला. तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा टाकते. चार फुटांवर कॉलमचं फूटिंग (खालचा रुंद तळ) ठेवून कोणी जोता बांधला, तर दोन-तीन वर्षांत दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि फरशी मधोमध उचलली जाते. मग लोक गवंड्याला शिव्या घालतात, तो बिचारा गिलाव्यात सिमेंट वाढवून देतो. काळ्या मातीखालचा न फुगणारा मुरूम थोड्या खोलीवर लागला तर फूटिंग त्यावर टेकवायचं. फार खाली असेल तर अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे. तळाशी फुगीर गड्डा असलेला हा खांब रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केला. आणि जोत्यात खोदाईतलीच काळी माती परत लोटायची नाही, बाहेरून मुरूम आणून थराथराने धुमसून घ्यायचा. हे सगळं 1,900 च्या दरात बसत नसेल, तर वेगळे पैसे द्या, पण करून घ्या.

त्याच्याही आधी कागद. अठरा नावांच्या सातबाऱ्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना लागू झाली, त्यामुळे तुमचं 2016 चं खरेदीखत त्यात बसायला हरकत नसावी. महापालिकेत किंवा नियोजन प्राधिकरणाकडे, जे तुमच्या गटाला लागू असेल तिथे, नियमितीकरणाचा प्रस्ताव टाका. दाखला आणि मंजूर नकाशा हातात येईपर्यंत कॉन्ट्रॅक्टरला एक रुपया ॲडव्हान्स नाही. 'काम चालू करू, कागद मागनं होतील' असं म्हणणारे फार भेटतात.

आता बंगला. 62 लाखांवर महापालिका हद्दीत सहा टक्के मुद्रांक शुल्क धरलं तर 3 लाख 72 हजार, नोंदणीचे 30 हजार वेगळे. खरेदी एकट्या तुमच्या नावावर केली तर महिलांची एक टक्का सवलत मिळून 62 हजार वाचतात. जीएसटी नाही, घरभाडं आणि हप्ता एकदम भरायची वेळ नाही, मुलाची दहावी निवांत होईल. मिस्टरांचं म्हणणं काही वेडेपणाचं नाही.

पण 'अंगणापर्यंतच' या शब्दावर माझा विश्वास नाही. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे, आणि मारुती चौक सुरुवातीलाच बुडणाऱ्यांपैकी. पाणी किती आलं होतं ते एजंटला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. त्याचं पोतं भिजलेलं असतं, तो विसरत नाही. घरात गेलात की खालच्या खोल्यांतले प्लग कुठल्या उंचीवर आहेत बघा. एखाद्या घरात सगळे प्लग अचानक पाच फुटांवर गेलेले दिसले, तर ते कोणी हौसेने केलेलं नसतं. ओट्याखालच्या कप्प्याच्या फळ्या नव्या आणि वरच्या जुन्या, हीही तीच गोष्ट. नगररचना विभागात जाऊन तो सर्व्हे नंबर पूररेषेत, निळ्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या) की लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या), कुठे येतो ते नकाशावर बघून या. सासऱ्यांना रात्री दोनला बोटीत बसवायचंय का, हा प्रश्न मी विचारण्यापेक्षा तुम्ही घरात विचारलेला बरा.

वरच्या दोन खोल्यांचा मंजूर नकाशा मागा. 2003 चे कॉलम एका मजल्याचे की दोनचे, हे त्या घराच्या डिझाइनवरच कळेल, आणि डिझाइनचा कागद कोणी जपून ठेवलेला नसतो. बँकेचा व्हॅल्युअरही तिथेच अडेल. खालच्या छताला, विशेषतः न्हाणीघराखाली, पोपडे सुटून सळई दिसत असेल तर विषय तिथेच संपवा.

मी तुमच्या जागी असते तर प्लॉटवर बांधलं असतं. मात्र माझी एक अडचण सांगते. 1996 मध्ये कराडला आमचं घर चालू असताना मी दुसऱ्या साइटवर बारा दिवस अडकले. यजमान बँकेत, सासरे घरी. परत आले तेव्हा जिना ओतून झाला होता. पहिली पायरी नऊ इंचांची, बाकीच्या सात. आजही नवा पाहुणा तिथे ठेचकाळतो आणि मी चहा टाकायला आत जाते. डिझाइन माझं, नकाशा माझा, पण त्या बारा दिवसांत संध्याकाळी टेप घेऊन उभं राहणारं कोणी नव्हतं.

तुमच्या घरी ते कोण करणार? मिस्टर फिरतीवर, सासऱ्यांना उन्हात उभं करू नका. म्हणजे तुम्ही. आणि इथे तुमची नोकरी कामाला येते. काळ्या मातीतली खोदाई पावसाच्या आत जोत्यापर्यंत आलीच पाहिजे, नाहीतर खड्ड्यांची तळी होतात. ती मेच्या सुट्टीत बसते. पावसाळ्यात गवंडी सवडीने भिंती चढवतील, दिवाळीच्या सुट्टीत स्लॅब टाकायचा, आणि स्लॅबवर आळी करून निदान चौदा दिवस पाणी साठवायचं. पाणी मारायला माणूस ठेवा, पण आळ्यांत पाणी आहे का ते रोज स्वतः बघा. माणूस पाण्याचा टँकर आला नाही म्हणून सांगतो आणि झोपतो. कर्जाचे हप्तेही बँक कामाच्या टप्प्याप्रमाणे सोडते, तेव्हा जोता, स्लॅब, गिलावा अशाच टप्प्यांवर कॉन्ट्रॅक्टरचं बिल बांधून घ्या.

या मेमध्ये हे जमणार नाही, नियमितीकरणाला वेळ लागेल. पुढच्या मेचं धरा. तोवर एकच खर्च करा. एखाद्या रविवारी जेसीबी बोलवून प्लॉटच्या मधोमध खड्डा काढा, मुरूम लागेपर्यंत. किती फुटांवर लागला ते मला कळवा. आणि जेसीबीवाल्याला तो लगेच बुजवू देऊ नका, भोवती काटे टाकून रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत त्यात पाणी किती साचतं, तेही मला हवंय.